वाघजाळचं तिसरं वळण

२ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा पाय टेकला! आणि तोही राखणदारापुढे. म्हणजे चूक माझी म्हणवत नाही, आणि देवाची म्हणायची सोय नाही.

पहिलं वळण ठीक. दुसऱ्यावर काजूची सावली, तिथेही ठीक. तिसऱ्या वळणावर रस्ता एकदम उभा होतो आणि नेमकी तिथेच आमच्या आंबेखणच्या राखणदाराची घुमटी. दीड हात उंचीचा दगड, वर कौलं, पुढे विड्यांचा नि केळ्यांचा ढीग. गावातला कुणीही असो— ट्रकवाला, बसचा ड्रायव्हर, कानात वायर घातलेला मोटरसायकलवाला— तिथे थांबतो, उतरतो, चपला काढतो, हात जोडतो आणि मगच पुढे. लग्न होऊन आले तेव्हापासून मीही तेच करते. स्कूटरवरून कधी जड गेलं नाही, स्कूटर परत सुरू होते. पण सायकल तिथून परत सुरू होत नाही! पेडल मारावं तर पुढचं चाक उचलतं, मागचं घसरतं. आज पुन्हा हातात धरून ढकलत वर गेले, गाय बाजाराला न्यावी तशी.

बारा वर्षांमागे देशातले नि परदेशातले मोठे सायकलपटू शर्यतीत वाघजाळच्या याच चढणीने गेले. गावच्या पेंटरने वरच्या कठड्यावर त्यांची नावं नि गावं पांढऱ्या रंगात रंगवली. एका परदेशी माणसाचं नाव इतकं लांब की निम्मं वरच्या ओळीत आहे, निम्मं खालच्या. आता डिचोलीचा सायकल क्लब दर डिसेंबरला त्याच मार्गाने डोंगरफेरी काढतो— सुरुवात धारगळला, शेवट डिचोलीला. जो वाघजाळ पाय न टेकता चढेल त्याचं नाव त्याच कठड्यावर लिहितात. अजून तिथे एकाही बाईचं नाव नाही.

मला तिथे माझं नाव हवंय. बस्स! सेहेचाळिसाव्या वर्षी कुणाला पाटल्या हव्या असतात, मला कठडा हवाय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सायकलची गादीवाली चड्डी दोरीवर वाळत घातली होती. आई (माझ्या सासूबाई, पण हाक आईच) खाली उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग बोटाने दाबून पाहिली.

“ह्यां काय गो? बसूक गादी वांगडाच घेवन जातंस?”

संदीप चहा पिता पिता हसला, ठसका लागला, शर्ट खराब. बरं झालं! नवऱ्याने अशा वेळी हसायचं नसतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज धीर करून विचारलं. आई विळीवर नारळ खवत होत्या. म्हटलं, “आई, फेरीच्या दिवशी एकदाच— एकदाच हो— मी राखणदाराकडे नाही थांबले तर?”

खवणं थांबलं. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात एकेकाचा हिशोबच मांडला. तो मासळीचा टेंपो थांबला नाही, गटारात गेला, ड्रायव्हरचा हात अजून वाकडा. तो नवा लाइनमन, हसत हसत पुढे गेला, संध्याकाळी खांबावरून पडला. सगळी नावं, सगळी घरं पाठ. “तो कोणाचो मामा नाय. थंय उतरल्याबगर फुडें जावचां नाय.” मी वाद घातला नाही. आईंची ही भीती खरीच आहे. बसमधले सगळे बसल्या जागेवरून हात जोडतात, ड्रायव्हर तेवढा उतरतो. आई मात्र गुडघे धरून धरून खाली उतरतात, चपला काढतात, मग परत चढतात. सगळी बस त्यांच्यासाठी खोळंबते, आणि कुणी चकार शब्द काढत नाही.

मी निघाले तर पाठून नेहमीचं आलंच. “तू भायली, तुका कळूचां नाय.”

भायली! म्हणजे बाहेरची. पेज पातळ झाली— भायली. दिवाळीचे पोहे जास्त गोड झाले— भायली. सोलकढीत मिरची पडली— भायली ती भायलीच. डिचोलीहून आले मी, रशियातून नव्हे! सतरा वर्षं झाली. या घरात माझी मुलगी दहावीला आली. धारगळच्या हायस्कुलात अर्ध्या गावाच्या पोरांना मी भूगोल शिकवला. अजून भायली. मी हसण्यावारी नेते, पण लागतं. आज जास्त लागलं.

९ नोव्हेंबर, रविवार

सापडली! वाट सापडली!

सकाळी क्लबचा साईश भेटला. हाच फेरीचा सगळा कारभार बघतो, पंचवीस-सव्वीसचा असेल, पायांत स्प्रिंगा. वाघजाळवर माझ्या शेजारून सुर्रकन गेला, तिसऱ्या वळणावर मान वळवायलाही तयार नाही. वर गाठून चांगला झापला. “राखणदार दिसला नाही का रे तुला?”

“मॅडम, आम्हाला माफ आहे. तुमच्या गावकारांनीच सांगितलंय.”

मग आठवलं. पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळा गाव चिंतेत होता. एवढे परके लोक न थांबता जाणार! तेव्हा गावकार, म्हणजे गावचे मानकरी, बाबुराव घुमटीपुढे उभे राहिले आणि सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घातलं— हे भायले, अजाण, वाटसरू; ह्यांका सांभाळून घे. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. तेव्हापासून दर फेरीला बाबुराव तसं गाऱ्हाणं घालतात. पाहुण्याला माफी. घरच्या माणसाला नाही.

साईश डिचोलीचा. आणि मी कुठली? डिचोलीची! सतरा वर्षं ज्या शब्दाने जीव खाल्ला त्या शब्दाचा एकदा तरी उपयोग होऊ दे की! येताना उतारावर एकटीच मोठ्याने हसत होते. म्हशीवाल्याने वळून पाहिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर बाबुरावांकडे गेले. ते अंगणात सुपाऱ्या सोलत होते. सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. म्हणाले, “हो प्रश्न माजो नाय, देवाचो. कौल लावया. देवान पावणी म्हटल्यान तर तू बिनधास्त जा.”

मी खूश. तर म्हणाले, “पण बाय, इचार कर. एकदां पावणी म्हटल्यान काय मगे पावणीच. फक्त सायकलीपुरती नाय.” म्हणजे देवळात आमच्या घराची पाळी येते तेव्हा ओटी भरायला मी उभी राहायची नाही. दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचं. जत्रेत घरच्या बायकांच्या रांगेत नाही, पाहुण्यांच्या रांगेत.

म्हटलं, चालेल. बोलून तर गेले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घरात सांगितलं. संदीप म्हणाला, “म्हणजे मी आता पाहुणीचा नवरा? मग भांडी कोणी घासायची?” सिद्धी म्हणाली, “आणि मी अर्धी पाहुणी ना? एकच चप्पल काढली तर चालेल?” बापलेक दोघेही एका माळेचे मणी!

आईंनी पानात आमटी वाढली आणि उठून गेल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आई अजून बोलत नाहीत. “भात झाला”, “दूध तापव”, एवढंच. काल मुद्दाम पेज पातळ केली. वाटलं, निदान भायली तरी म्हणतील. निमूट प्यायल्या.

या बाईचं काही कळत नाही. मी बाहेरची म्हणते तेही खपत नाही, आणि मी घरची असं म्हणवतही नाही!

१७ नोव्हेंबर, सोमवार

कौल झाला.

देवळात आम्ही चौघं, बाबुराव आणि पुजारी. दोन कळ्या पाण्यात बुडवून मूर्तीला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. बाबुरावांनी खणखणीत आवाजात विचारलं, “बा देवा म्हाराजा! ही सून सतरा वर्सां हय नांदता. घरची आसा तर उजवी दी. पावणी आसा तर डावी दी.” आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा.

थांबलो. कळ्या हलेनात. पंखा बंद करून ठेवला होता, घाम मानेवरून खाली. मी मनात म्हणत होते डावी, डावी, डावी. आणि मग काय झालं कोण जाणे, मीच गप्प झाले. नको वाटायला लागलं. त्या डाव्या कळीकडे बघवेना.

उजवी पडली! टप्पदिशी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी मनात म्हटलं, मेले! सतरा वर्षं जे हवं होतं ते मिळालं, तेही नेमकं नको त्या महिन्यात. देवाने शिक्का मारून घरात घेतलं आणि कठडा गेला. बाबुरावांनी कळी माझ्या हातात दिली. संदीप कानात कुजबुजला, “क्रिकेटसारखा रिव्ह्यू मागूया?” देवळात मारता येत नाही म्हणून वाचला.

आई वाटभर पुढे पुढे चालत होत्या. घराच्या पायऱ्यांपाशी वळून एवढंच म्हणाल्या, “बघलंस?”

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सुरमईचा मधला तुकडा माझ्या पानात. आजवर तो संदीपचा असायचा. संदीप शेपटीकडे बघत राहिला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हार मानणारी मी नव्हे. युक्ती काढली. थांबायचं, पण पाय टेकायचा नाही! शर्यतीतले लोक जागच्या जागी सायकल तोलून उभे राहतात. तसंच घुमटीपुढे तोल सांभाळून उभं राहायचं, हात जोडायचे, पुढे.

अंगणात सराव केला. तोल सांभाळला, छान सांभाळला. हात जोडले आणि अबोलीच्या वाफ्यात पडले. आई पडवीतून म्हणाल्या, “आणि चपला कोण काढतलो?”

बाबुरावांना विचारलं. ते म्हणाले, पायाला माती लागायला हवी. संपलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज दुसरी युक्ती. चढावर परत सुरू व्हायचं तंत्र. रस्त्याला आडवी सायकल लावायची, आडवं सुटायचं, मग वळवायचं. पहिल्यांदा आडवी गेले ती सरळ पोदेराच्या, पाववाल्याच्या, अंगावर! बिचारा उतारावरून भोंगा वाजवत येत होता. पाटीतल्या पोया (कोंड्याचे पाव) रस्त्यावर, मी पोयांवर. “बाई, तुम्ही शाळेतच बऱ्या,” म्हणाला. चेपलेल्या सगळ्या पोया घरी आणल्या. दोन वेळा सगळ्यांनी पोयाच खाल्ल्या.

पण शेवटी जमलं! राखणदारापुढे उतरले, चपला (म्हणजे ते पेडलला अडकणारे टकटक बूट) काढले, नमस्कार केला, बूट घातले, आडवी सुटले आणि वरपर्यंत गेले. न ढकलता! कठड्यावर बसून साईशला फोन लावला. तो म्हणाला, “ग्रेट, मॅडम! उतरून परत चढलात, शाबास. पण नाव नाही लिहिता येणार. पाय टेकला म्हणजे टेकला. सगळ्यांना सारखं.”

हा पोर माझ्या वर्गात असता ना! पण खरं सांगायचं तर तो बरोबर आहे, आणि म्हणूनच जास्त राग आला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गुडघा. कोपर. परत गुडघा.

३० नोव्हेंबर, रविवार

आज चढ नको म्हटलं. केरीला गेले, सपाट रस्त्याने, समुद्रापर्यंत. संदीप मागून स्कूटरवर. त्याची मोपाच्या विमानतळावर रात्रपाळी झाली होती तरी आला. सुरूच्या झाडांखाली बसून आम्ही चहा नि भजी खाल्ली. समोर तेरेखोलचा किल्ला, फेरीबोट इकडून तिकडे.

संदीप म्हणाला, “विनू, न थांबता जाच तू. काय होतंय? मी आईला सांभाळतो.”

मी विचार केला. खरंच केला. माझा स्वतःचा त्या दगडावर फारसा विश्वास नाही. सवय आहे, आदर आहे. पण त्या दिवशी मी न थांबता गेले आणि पुढचं वर्षभर घरात कुणाला साधी शिंक आली तरी आईंच्या मनात काय येईल? सिद्धीची बोर्डाची परीक्षा आहे. संदीप रात्री-अपरात्री गाडी चालवतो. प्रत्येक वेळी त्या दाराकडे डोळे लावून बसतील. नाव माझं, आणि जिवाला घोर त्यांच्या. नाही जमणार.

म्हटलं, “थांबणार आहे मी. नाव नको.” एवढं बोलले आणि रडू आलं. अगदी पोरासारखं! संदीप घाबरला. भजीवाल्याला वाटलं मिरची लागली, त्याने पाणी आणून दिलं. घटाघटा प्यायले.

घरी आले तर आईंनी तोंडाकडे पाहिलं. “काय झालां?” म्हटलं, काही नाही, घाम. संदीपला आत बोलावून काहीतरी विचारत होत्या. तो मेला सगळं सांगून मोकळा झाला असणार.

३ डिसेंबर, बुधवार

कठडा परत मिळाला!

रात्रीची जेवणं झाली. आई सुपारी कातरत होत्या. एकदम म्हणाल्या, “घरातलां एक माणूस थंय उभां आसलां काय घराची हजेरी लागली. सगळ्यांनी उतरूक नको.”

मला कळलंच नाही. म्हटलं, म्हणजे?

“म्हणजे मी थंय उभी रवतंय. तू जा सायकलीन. थांबा नको.”

संदीप म्हणाला, “आई, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय.”

“तू काय काय आयकलंस आजपर्यंत? पूर्वीपासून आसा.”

“मग आई, इतके दिवस सांगितलं का नाही?” मी जवळजवळ ओरडलेच. अबोलीत पडले, पोदेरावर पडले, केरीला जाऊन रडले!

“इचारलंस कधी?” म्हणाल्या आणि अडकित्ता वाजवत राहिल्या.

मी म्हटलं, उद्याच बाबुरावांना सांगते. तर फटकन म्हणाल्या, “तेका कित्याक? तेका सगळां म्हायत आसा असां नाय. ह्यां घरचां आसा.” बरं बाई, नाही सांगत! मी त्यांना मिठी मारली. त्यांना मिठी आवडत नाही. “सोड गो, सुपारी सांडली,” म्हणाल्या.

७ डिसेंबर, रविवार

माहेरी. भाऊ गौरेश म्हणाला, “ताई, या वयात?” त्याला त्याच्याच सायकलवर बसवून लाटंबार्सेच्या चढावर नेलं. निम्म्यावर तो रस्त्याकडेला बसला. मी वर जाऊन, खाली येऊन, त्याच्याभोवती एक गोल फेरी मारली.

१३ डिसेंबर, शनिवार

उद्या.

आई संध्याकाळपासून देवासमोर बसल्यात. जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, भूक नाही. मला वाटतं माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त धडधडतंय. सिद्धीने माझ्या सायकलला अबोलीची वेणी बांधली. हवेचा अडथळा होईल म्हणून काढणार होते. राहू दे.

१४ डिसेंबर, रविवार

आता बसून लिहितेय. पाय बादलीत.

धारगळला पहाटे सगळे जमले. बेळगावचे, कोल्हापूरचे, पणजीचे, कुणाच्या सायकली माझ्या पगारापेक्षा भारी. एकाने विचारलं, “काकी, मुलाला सोडायला आलात?” मी हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि त्याच्याकडे बघून फक्त हसले. (कासारवर्ण्याच्या पुढे त्याला गाठला. “बाय बाय, बाळा!” म्हटलं. लहानपणा आहे, पण काय बरं वाटलं!)

वाघजाळच्या पायथ्याशी अख्खं आंबेखण. पोरं ताटं बडवतायत, माझे नववीतले वांड “मॅडम! मॅडम!” करून घसा फोडतायत. मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि खाली मान. पहिलं वळण. श्वास ठीक. दुसरं वळण, काजूखाली एक रायडर बसून ओकत होता. बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग तिसरं.

रस्ता उभा झाला. मांड्या पेटल्या. पुढचं चाक हलकं व्हायला लागलं, तशी मी हँडलवर छाती टेकवली. मान उचलून पाहिलं तर घुमटीपाशी बाबुराव, आणि त्यांच्या शेजारी आई.

लग्नाकार्याला नेसतात ते जरीचं लुगडं. पाय अनवाणी, चपला बाजूला नीट जोडून ठेवलेल्या. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ भराभर हलतायत. मी हाक मारली, “आई!” डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, माझ्यासाठी मागतायत, मला वर पोचव म्हणून. गळा भरून आला आणि चढावर गळा भरून येणं फार वाईट, श्वासच बसत नाही! रडत, शिंकरत, दात आवळत गेले. थांबले नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या वळणावर थांबले नाही.

पुढचं धड आठवत नाही. सिद्धी बाजूने पळत होती, “आई, नको थांबू, आई, अजून थोडं,” आणि अचानक रस्ता सपाट झाला, वारा लागला, कठडा दिसला.

पोचले! पाय न टेकता!

आणि आनंदाच्या भरात बूट पेडलमधून सोडवायला विसरले. उभ्या उभ्या आडवी. धाडकन! साईश धावत आला. मी जमिनीवरूनच विचारलं, “हे धरतात का रे?” म्हणाला, “मॅडम, वर पोचल्यावर पडलं तर चालतं. तसा नियमच नाहीये.” मी तिथेच पडून हसत सुटले.

पेंटर डबा घेऊन आला. “नाव?” म्हटलं, विनोदिनी सावळ. “गाव? डिचोली न्हय?”

“न्हय!” म्हटलं. “लिही, आंबेखण.”

त्या लांबलचक परदेशी नावाच्या खाली, सुबक अक्षरात. पांढरा रंग ओला असताना बोट लावून पाहिलं. बोट अजून धुतलं नाही.

मग उतारावरून डिचोलीपर्यंत मी नुसती उडत गेले. गौरेशने बाजारातल्या चौकात मोगऱ्याचा हार घातला, लोक विचारायला लागले निवडणूक आहे का!

घरी आले तेव्हा आई झोपल्या होत्या. संदीप म्हणाला, शेवटचा सायकलवाला जाईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. उन्हात, अनवाणी. पाणी दिलं तेही घेतलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

शाळेत टाळ्या, पेढे, भाषण. मुख्याध्यापक म्हणाले, भूगोलाच्या शिक्षिकेने भूगोल जिंकला. बरं!

आईंना कठड्यावरचं नाव दाखवायला नेते म्हटलं, स्कूटरवरून, तर “मगे बघया” म्हणाल्या. सिद्धीला सकाळी दोनदा सांगितलं, रस्ता नीट बघून ओलांड. संदीपला म्हणाल्या, आज गाडी हळू चालव. दमल्या असतील. रात्री तळपायांना खोबरेल चोळून दिलं. पाय ओढून घेतले नाहीत, हेच नवल.

१७ डिसेंबर, बुधवार

धारगळच्या नाक्यावर बाबुराव भेटले. मी म्हटलं, “काका, बघितलंत ना? घरातलं एक माणूस उभं राहिलं की हजेरी लागते! तुम्हाला पण माहीत नव्हतं म्हणे.”

बाबुराव म्हणाले, “असो नियम खंयच नाय, बाय. कधीच नव्हतो. तिनां माका गप रवाक सांगलेलां. मी बाजूकच उभो होतंय. तू येयपर्यंत ती एकच गाऱ्हाणां परत परत घालत होती— राखणदारा, माजां चेडू थांबाचां नाय, मीच तेका खोटां सांगलंय. तेच्यावर डोळो ठेव नको. काय करूचां तां माजां कर.”

चेडू म्हणाल्या. सून नाही, मुलगी!

कठड्यावर नाव माझं आणि दोषावर त्यांचं? नाही चालणार! उद्या शाळेला रजा. उजाडताच चालत तिसऱ्या वळणावर जाते, चपला काढते आणि त्याला तोंडावर सांगते— तेंका सोड. माका धर.